पॉलिसी पोर्ट करून घेताना चौकशी कोणी करायची, कंपनीने की ग्राहकाने?

पर्वती पायथा
आईची आरोग्य विमा पॉलिसी सप्टेंबर २०१७ ची, पाच लाखांची. सात वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. २०२४ मध्ये जुन्या कंपनीने हप्ता फार वाढवला म्हणून ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि त्याच वेळी विमा रक्कम दहा लाख करून घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आईची बायपास झाली. बिल ६,८५,००० रुपये. कॅशलेस नाकारलं, आईची मुदत ठेव मोडून आम्ही पैसे भरले. नंतर सगळे कागद पाठवले, तर जानेवारीत दोन ओळींचं पत्र आलं: प्रस्ताव अर्जात रक्तदाबाची माहिती दिलेली नाही, सबब दावा नामंजूर.

२०२१ मध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जुन्या पॉलिसीवर झालं होतं. ते डिस्चार्ज कार्ड आत्ता माझ्यासमोर आहे. तिसऱ्या ओळीत डॉक्टरांच्या हातचं निळ्या शाईत लिहिलंय: 'बीपी दोन वर्षांपासून, गोळी रोज सकाळी एक.' हाच कागद क्लेमच्या फाइलमध्ये जुन्या कंपनीकडे गेला, त्यांनी पैसेही दिले. म्हणजे विमा व्यवस्थेला आईचं बीपी २०२१ पासून माहीत आहे.

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात पोर्टिंगची मुदत स्पष्ट आहे. नव्या कंपनीने मागितलेली माहिती जुन्या कंपनीने जास्तीत जास्त ७२ तासांत द्यायची, आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने पाच दिवसांच्या आत हो की नाही ते कळवायचं. हे दिवस चौकशीसाठीच दिलेत ना? तेव्हा काही विचारलं नाही, हप्ता घेतला, आणि छाती उघडून झाल्यावर फाइल उघडली. मला हे कायद्याला धरून वाटत नाही. तुमचं मत सांगा. विरोधी असलं तरी चालेल.

जुना अंडररायटर
ताई, आईंना आता बरं वाटत असेल अशी आशा आहे. मी विमा कंपनीत तीस वर्षं अंडररायटर होतो, म्हणजे अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवायचो, म्हणून थोडं कडू लिहितो.

पोर्टिंगमध्ये काय सोबत येतं? भरून झालेला प्रतीक्षा काळ (आधीच्या आजारांवर दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ), जमलेला बोनस (दावा न केल्याबद्दल वाढत गेलेलं संरक्षण), जुनी विमा रक्कम. करार मात्र नव्या कंपनीशी नव्याने होतो आणि त्याचा पाया प्रस्ताव अर्ज असतो. अर्जात सरळ प्रश्न असतो: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, हो की नाही? तिथे 'नाही' लिहिलं असेल तर कंपनीने त्यावर विश्वास ठेवायचा नाही का? विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी सगळं खरं सांगायचं असतं. सतवंत कौर संधू खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. किडनीचा आजार अर्जात सांगितला नव्हता, दावा नाकारणं योग्य ठरलं.

आणखी एक बाजू बघा. तपासणीत काहीतरी निघतं आणि पुढच्याच महिन्यात माणूस पॉलिसी बदलायला निघतो, असे अर्ज मी शेकड्यांनी पाहिलेत. तुमच्या आईंचं तसं नाही हे दिसतंय. पण चौकशीचं सगळं ओझं कंपनीवर टाकलं तर कंपन्या साठीच्या पुढच्यांचे पोर्टिंग अर्ज घेणारच नाहीत. पोर्टिंग मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पण नव्या कंपनीने घेतलंच पाहिजे असं बंधन नाही.

कोथरूडकर
अर्ज कोणी भरला होता?

पर्वती पायथा
एजंटने, आमच्या दिवाणखान्यात बसून, त्याच्या मोबाइलवर. आईला विचारलं ते फक्त वजन, उंची आणि वारसाचं नाव. शेवटी आईच्या फोनवर ओटीपी आला, तो तिने वाचून दाखवला. पॉलिसी मेलवर आली, चोपन्न पानांची. अर्जाची प्रत शेवटच्या पानांत होती. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, चुका दुरुस्त करता येतात हे मला माहीत होतं. तरी मी ती पानं वाचली नाहीत, ही माझी चूक आहे आणि ती मला रात्री झोपू देत नाही.

कोथरूडकर
मग अंडररायटर साहेबांचं म्हणणं कसं चालेल? आईंनी 'नाही' लिहिलंच नाही. त्यांनी आकडा वाचला.

जुना अंडररायटर
ओटीपी दिला म्हणजे सही केली. कोऱ्या अर्जावर सही करणाऱ्याला आपण पूर्वी हेच सांगायचो ना?

धायरीचा प्रतिनिधी
मी एजंट आहे, म्हणून बोलतो. अर्जात एक जरी 'हो' गेलं की फाइल मेडिकलला जाते, रिपोर्ट मागतात, कधी हप्ता वाढतो. सगळं 'नाही' असलं की पॉलिसी चटकन निघते. आमच्यातले काही जण म्हणून न विचारताच 'नाही' दाबतात. हे चूक आहे, मी कुणाची बाजू घेत नाही. पण दुसऱ्या बाजूला ग्राहकच म्हणतात, 'थोडंसंच आहे हो बीपी, ते नका लिहू.' मी लिहितो. दोन घरचे ग्राहक त्यावरून माझ्याकडून गेले.

एजंट हा त्या व्यवहारात कंपनीचा माणूस असतो. त्याने केलेल्या कामाची जबाबदारी कंपनीने घ्यायला हवी, असं माझं स्वतः एजंट असून मत आहे.

वकील, नारायण पेठ
चर्चा 'कोणी सांगायचं' यावर अडकली आहे. या प्रकरणात त्याआधी एक मुद्दा येतो, तो म्हणजे मोरॅटोरियम.

सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावर कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी ही मुदत आठ वर्षं होती, १ एप्रिल २०२४ पासून पाच झाली. आणि पोर्टिंग केल्यावर हा काळही सोबत येतो, परिपत्रकात तसं लिहिलेलं आहे. आईंची पॉलिसी २०१७ पासून सलग. पोर्ट झाली त्या दिवशीच सात वर्षं पूर्ण होती. मग 'माहिती दिली नाही' हे कारण पत्रात येऊच कसं शकतं? फसवणूक म्हणायची तर ती कंपनीला सिद्ध करावी लागेल, आणि जो माणूस आजाराचा कागद स्वतःच्या क्लेमसोबत विमा कंपनीला देतो त्याने फसवण्याच्या हेतूने काम केलं हे सिद्ध करणं सोपं नाही.

बीपी २०१९ चं, पॉलिसी २०१७ ची. म्हणजे जुन्या पाच लाखांपुरतं बीपी हा पॉलिसीआधीचा आजारच नाही.

वाढवलेल्या पाच लाखांचं वेगळं आहे. तिथे ६० महिने वाढवलेल्या तारखेपासून मोजतात आणि आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळही नव्याने सुरू होतो, कमाल ३६ महिने.

सतवंत कौरचा दाखला बरोबर आहे, पण पुढचाही वाचावा. मनमोहन नंदा खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विमेदाराने सांगितलेल्या आजाराची माहिती असताना पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराचं कारण काढून दावा नाकारता येणार नाही. त्यात मधुमेह अर्जात सांगितला होता. इथे अर्जात नाही, जुन्या कंपनीच्या फाइलमध्ये आहे. हा फरक मी लपवत नाही.

जुना अंडररायटर
फरक तिथेच आहे, वकीलसाहेब. एका कंपनीची क्लेम फाइल म्हणजे दुसऱ्या कंपनीचं ज्ञान होत नाही. कंपन्या एकमेकींना माहिती देतात त्या पोर्टलवर जुन्या कंपनीकडून येते ती ठरलेल्या रकान्यांतली माहिती. मोतीबिंदूचा क्लेम, तारीख, रक्कम. डिस्चार्ज कार्डाच्या तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय ते त्या रकान्यात बसत नाही. माझ्या काळात वैद्यकीय इतिहासाचा रकाना रिकामाच आलेला मी कितीदा पाहिलाय.

पर्वती पायथा
आणि रिकामा आला की तुम्ही काय करत होतात?

जुना अंडररायटर
अर्जात काय लिहिलंय ते बघत होतो. वेळ कमी असे आणि फाइली खूप.

पर्वती पायथा
माझा राग याच जागेवर आहे, काका. तुम्ही खरं उत्तर दिलंत म्हणून आभार. पोर्टिंग सुरू झालं २०११ मध्ये, तेव्हापासून जुन्या कंपनीकडून वैद्यकीय आणि क्लेमचा इतिहास मागवायची पद्धत नियमात आहे. साठी ओलांडलेल्या बाईचा अर्ज, मागे एक क्लेम, आणि वैद्यकीय इतिहासाचा रकाना रिकामा. एक फोन करून 'कार्डाची प्रत पाठवा' म्हटलं असतं तर मी त्याच संध्याकाळी पाठवली असती. हप्ता वाढवला असता तर भरला असता. नाकारलं असतं तर जुन्याच कंपनीत राहिलो असतो, तिथे आईचं सगळं संरक्षण शाबूत होतं. आता ती ना इथली राहिली ना तिथली.

माळवाडी, हडपसर
माझ्या वडिलांचं उलटं झालं. मी अर्जात सगळं लिहिलं, मधुमेह, थायरॉइड, २०१८ मधली अँजिओग्राफी. चौथ्या दिवशी नकार आला. त्या दिवशी फार वाईट वाटलं, खरं सांगितल्याची शिक्षा मिळाली असं वाटलं. पण रिन्युअलला अजून महिना होता, म्हणून जुनी पॉलिसी चालू ठेवता आली. म्हणून सगळ्यांना सांगते, रिन्युअलच्या दीड महिना आधी अर्ज टाका आणि नव्या कंपनीचं पक्कं उत्तर हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

अंडररायटर काका म्हणतात कंपन्या ज्येष्ठांना घेणार नाहीत. अहो, आत्ताही घेत नाहीत. निदान चौथ्या दिवशी नाही म्हणाले ते बरं. ऑपरेशन टेबलावरून उतरल्यावर नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी बरं.

कोथरूडकर
माळवाडी ताईंशी पूर्ण सहमत.

जुना अंडररायटर
ताईंचं म्हणणं मला पटतं. नकार द्यायचा तर पाच दिवसांत द्यावा. पण मग नियामकाने डिस्चार्ज कार्डांच्या प्रती पोर्टलवर टाकणं सक्तीचं करावं. जी माहिती समोर आलीच नाही तिच्यासाठी नव्या कंपनीला जबाबदार धरणं मला अजूनही मान्य नाही. जुनी कंपनी ग्राहक गमावत असते, ती माहिती कशाला मन लावून भरेल? तिच्या दिरंगाईचा भुर्दंड नवीने का भरावा?

वकील, नारायण पेठ
कारण हप्ता नवी कंपनी घेते. दोन कंपन्यांमधली दिरंगाई त्यांनी आपसात मिटवावी, पॉलिसीधारकाला मध्ये उभं करू नये.

ताई, आता कामाचं. दावा नाकारण्याआधी कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते आणि पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम द्यावं लागतं. दोन ओळींच्या पत्रात कलम आहे का ते बघा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं पुण्याचं कार्यालय आमच्या नारायण पेठेतच, केळकर रस्त्यावर आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. म्हणजे मीही लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, नाही पाळला तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला. फक्त ग्राहक आयोगात आधी जाऊ नका, मग लोकपाल प्रकरण घेत नाहीत.

धायरीचा प्रतिनिधी
ताई, पोर्टिंगच्या वेळी आईंना कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला होता का? ज्येष्ठांना बहुतेक येतो. ते संभाषण रेकॉर्ड होतं. तक्रारीत त्याची प्रत मागा.

पर्वती पायथा
आत्ताच आईला विचारलं. तिला फोन आठवतोय. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, पोळ्या व्हायच्या होत्या, म्हणून तिने घाईत उत्तरं दिली. साखर आहे का विचारलं, ऑपरेशन झालंय का विचारलं. 'बीपीचं विचारलं का?' म्हटल्यावर ती म्हणाली, 'विचारलं की. सकाळी एक गोळी घेते म्हटलं मी.' तिची आठवण चुकू शकते, हे मला कळतं.

जुना अंडररायटर
रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य असेल तर पहिल्या पाच लाखांपुरतं माझं सगळं म्हणणं मी मागे घेईन. कंपनीला माहीत होतं असंच होईल मग. वरच्या १,८५,००० बद्दल मात्र माझं मत बदलणार नाही, तिथे प्रतीक्षा काळ संपलेला नाही.

वकील, नारायण पेठ
वरच्या रकमेतून आधी जुन्या पॉलिसीवर जमलेला बोनस वजा करा, काका. तोही सोबत येतो. मग जे उरेल त्यावर आपण भांडू.

पर्वती पायथा
बोनसचं मला माहीतच नव्हतं. जुन्या रिन्युअलचे कागद माळ्यावर आहेत, आज काढते. तक्रारीचा मसुदा लिहून झालाय. रेकॉर्डिंग, पोर्टलवरून आलेली माहिती आणि समितीचा निर्णय, तिन्हींच्या प्रती मागितल्यात. उद्या रजिस्टर पोस्टाने टाकते. उत्तर आलं की इथेच कळवते.