फ्लोट बदलायच्या आधी अर्थिंग बघा

दुचाकीच्या मीटरमधला पेट्रोलचा काटा हलत नाही, काय करू, असं इथे एकाने विचारलंय; त्यावर टाकीतला फ्लोटच (पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारा तरंगता भाग) गेला, सरळ नवीन टाका, असं दोघातिघांनी सांगितलंय. फ्लोट जातो हे खरंय, पण पैसे घालायच्या आधी दोन मिनिटांची टेस्ट करा ना. काट्याचं जुनं मीटर असेल आणि फ्लोटला दोनच वायरी असतील तर टाकीखालचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढायचा, चावी ऑन करायची आणि मीटरकडून येणाऱ्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या (पेट्रोल गळत नाहीये ना ते आधी बघा बाबांनो). काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक, मग खुशाल फ्लोट काढा.

माझ्या गाडीचं लफडं वेगळंच होतं, इंडिकेटर लावला की त्याच्या टिकटिकीबरोबर काटापण नाचायचा. मेकॅनिक म्हणाला अख्खं मीटर बदलावं लागेल. मी रविवारी हेडलाइट उघडला तर आतल्या अर्थिंगच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) काळ्या-पांढऱ्या वायरीच्या टोकाला हिरवा गंज, पावसाचं पाणी मुरलेलं. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, काटा गप्प. खर्च एका पॉलिश पेपरचा, तोही अर्धा उरलाय.