घोडागाडी काढलीत तर मंगळावरचे तरी कशाला आणता?

सायकल_सदाशिव:
काल 'पेठेबाहेरचा' यांनी लिहिलं: "परग्रहवाल्यांच्या जुन्या गोष्टी पुन्हा काढायच्या तर सरळ आजच्या काळात आणा. घोडागाड्या, टोप्या आणि तारा हे आता कोण बघणार? वेल्स आज असता तर त्यानंही मोबाइलच दाखवला असता." खाली ४० अंगठे. झोपायच्या आधी वाचायला नको होतं. उत्तर लांबलंय, सोसा.

मोबाइल दाखवून झालाय हो. २०२५ साली एच. जी. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीवर त्याच नावाचा सिनेमा आला, तो आख्खा कॉम्प्युटरच्या पडद्यावर घडतो. नायक खुर्चीतून उठायला तयार नाही, परग्रहवाले डेटा खायला आलेत आणि जगाला वाचवणारा पेन ड्राइव्ह घरपोच सामान देणाऱ्या कंपनीचा ड्रोन आणून देतो. आजचा काळ हवा होता ना? घ्या.

माझा राग त्या सिनेमावर नाही, तो दोन दिवसांत विसरेन. राग या समजुतीवर आहे की घोडागाडी म्हणजे नुसता देखावा, काढली तरी गोष्ट तीच राहते. वेल्सच्या पुस्तकात मंगळवाले इंग्लंडवर चालून येतात. त्याचं पहिलंच प्रकरण उघडा. मंगळवाल्यांना क्रूर म्हणायच्या आधी आपण टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा, असं वेल्स स्वतःच्याच वाचकांना सुनावतो. जगभर दुसऱ्यांच्या घरात घुसणाऱ्या इंग्रजांच्या घरात एक दिवस कुणीतरी घुसतं, गोष्ट एवढीच आहे. १९३८ साली रेडिओवर ती न्यू जर्सीत नेली, १९५३ साली कॅलिफोर्नियात, २००५ साली पुन्हा न्यू जर्सीत. प्रत्येक वेळी बिचारी निष्पाप अमेरिका आणि वरून आलेले दुष्ट. म्हणजे आरोपपत्र फाडलं आणि फटाके तेवढे ठेवले.

आता आपल्या गावाचं. ही गोष्ट इंग्लंडमध्ये एप्रिल ते डिसेंबर १८९७ मासिकातून क्रमशः छापून येत होती. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली काय चाललं होतं ते इथं कुणाला सांगायला नको. गोरे शिपाई माजघरापर्यंत येत होते, माणसं उचलून नेत होते, सामान रस्त्यावर जाळत होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा तिकडे ती गोष्ट संपायचीच होती. लंडनच्या वाचकाला जे कल्पनेत भयंकर वाटत होतं ते कसब्यात दिवसाढवळ्या घडत होतं. रीमेक करायचाच तर तो तिथून करा, १८९७च्या पुण्यातून, घोडागाडीसकट.

जाता जाता: वेल्स तेव्हा वोकिंगला राहायचा आणि सायकलवरून हिंडत मंगळवाल्यांसाठी कुठली घरं आणि कुठली माणसं उडवायची ते हेरून ठेवायचा. हा माणूस मनानं पुणेकरच.

पेठेबाहेरचा:
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. सकाळपासून बायको विचारतेय, "तुम्ही काय केलंत?"

एका टुकार सिनेमावरून निकाल लावायचा तर मीही एक काढतो. २०१९ची बीबीसीची तीन भागांची मालिका पाहिलीत? जुना काळ, इंग्लंड, टोप्या, घोडे, तुमची सगळी यादी. मी दुसऱ्या भागात झोपलो. काळ जपला की गोष्ट जपली जाते हे कुणी सांगितलं?

उलट बाजू बघा. १९५६चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' छोट्या गावात घडतो. १९७८ साली तोच उचलून सॅन फ्रान्सिस्कोत आणला. आधीच शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही असं शहर, मग माणूस बदलला हे कळणार कुणाला? जुन्या सिनेमाचा नायक तिथं रस्त्यात ओरडत गाडीवर येऊन आदळतो, ते बघताना अजून काटा येतो. आणि शेवट! जुन्याला निर्मात्यांनी आशेचं ठिगळ लावलं होतं, ते नव्यानं उसवलं. काळ बदलला म्हणून जमलं, महाराज.

कार्बन_कॉपी:
पेठेबाहेरचा +१. 'द थिंग' राहिला. १९५१च्या सिनेमात परग्रहवाला म्हणजे एक उंच वनस्पतीमाणूस. मूळ कथेत तो कुणाचंही रूप घेतो, ते १९८२च्या रीमेकनं परत आणलं. रीमेक मूळ कथेला जास्त इमानदार! १९८२ साली तो आपटला, कारण दोनच आठवडे आधी 'ई.टी.'मधला गोड परग्रहवाला थिएटरात येऊन बसला होता.

खड्डे_माझे_सोबती:
२००५वाल्यातली यंत्रं लाखो वर्षं जमिनीत पुरून ठेवलेली असतात आणि कुणाला सापडत नाहीत. आमच्या गल्लीत पुरून दाखवा. आधी पाण्याचा पाइप, मग केबल, मग पावसाळी गटार, मग पुन्हा पाण्याचा पाइप. तिसऱ्याच आठवड्यात जेसीबीनं मंगळवाल्यांची वायर तोडली असती.

अंतराळ_आजोबा:
वेल्स, वेल्स काय लावलंय? या शहरात जयंत नारळीकर राहत होते. २० मे २०२५ला गेले, चार दिवस सगळ्यांनी फोटो टाकले, संपलं. 'यक्षांची देणगी' किती जणांनी वाचलीय? माझ्या नातवाला मंगळवाले इंग्रजीतून माहीत आहेत, पण आयुकात तासभर रांगेत उभं राहून ज्यांची सही घेतली त्यांची एक कथा तो वाचत नाही.

आणि विषयच जंतूंचा आहे तर ऐका. जानेवारी २००१मध्ये नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली, तीत सूक्ष्मजीव सापडले. ते वरून आले की खालून गेले यावर वाद आहे, असू द्या. पण वेल्सच्या गोष्टीत पृथ्वीचे जंतू परग्रहवाल्यांना मारतात आणि इथं विचारतायत की जंतूच परग्रहवाले असले तर? यावर सिनेमा काढा. ड्रोन कसले काढता.

कार्बन_कॉपी:
आजोबा, कल्पना जबरदस्त. पण निर्माता विचारेल, "व्हिलन दिसणार कसा?"

अंतराळ_आजोबा:
२०२० साली दिसला होता का? तरी घरात बसलात ना सगळे?

गिरगाव_ते_चर्नीरोड:
मूळ धाग्याबद्दल. प्लेग म्हटलं की पुणं, हे कोणी ठरवलं? सप्टेंबर १८९६मध्ये तो मांडवीत निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिनने लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. बंदर, गिरण्या, पळणारी गर्दी हे सगळं मुंबईत. तुमच्याकडे आला तो आमच्याकडून उरलेला. मंगळवाले उतरले तर अपोलो बंदरावर उतरतील, पेठेत उतरून पार्किंगसाठी भांडतील का?

सायकल_सदाशिव:
प्लेगसुद्धा आधी आमचा म्हणणारा मुंबईकर आज प्रथम पाहिला. अभिनंदन.

पेठेबाहेरचा:
चला, आता पुणे-मुंबई. माझा मुद्दा मेला.

गिरगाव_ते_चर्नीरोड:
तारखा दिल्या, उत्तर टोमण्यात आलं. नेहमीचंच.

मुंढव्याची_माई:
टोमणे झाले असतील तर एक विचारते. १८९७ म्हटलं की तुम्हाला रँड आणि पिस्तूल एवढंच आठवतं? त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला मुंढव्याहून पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणलं, त्यातच लागण झाली. तुमच्या सिनेमात ती बाई असणार की नाही? की सगळे पुरुष पेठेत बसून मंगळवाल्यांच्या तिपायी यंत्रांकडे बघत मिशा पिळणार?

सायकल_सदाशिव:
माई, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही.

मिसळ_डबल_तर्री:
अहो, शेवट तयार आहे! पुस्तकातले मंगळवाले माणसाचं रक्त थेट स्वतःच्या अंगात घेतात. प्लेगच्या छावणीत शिरतील, दोन पेशंट पितील, आडवे. बॉम्ब नको, व्हायरस नको. इंटरव्हलच्या आधीच संपला पिक्चर.

कसब्यातली_पणती:
मिसळवाल्यांचा प्रतिसाद वाचून हात थरथरतायत.

माझी पणजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या धाकट्या भावाला ताप आला. झडतीचे शिपाई गल्लीत आलेत कळल्यावर त्याला बळदात, म्हणजे धान्याच्या कोठीत उतरवलं, वर धान्याची पोती ठेवली. शिपाई बूट घालून देवघरापर्यंत आले. एकानं पोत्यावर काठी मारली. आत पोर खोकू नये म्हणून पणजी वर बसून मोठमोठ्यानं परवचा म्हणत राहिली, बे एके बे. शिपाई हसले आणि गेले. पोर दोन दिवसांनी गेलं. तो प्लेग होता की साधा ताप, कुणाला कळलं नाही, कारण दाखवलंच नाही कुणाला. पणजी म्हातारी झाल्यावरही पाढे म्हणताना बेवर थांबायची. हे मला आजीनं सांगितलं.

छावणीतला "पेशंट" म्हणजे ही माणसं. तुम्ही पितात आणि आडवे होतात म्हणून टाळ्या मागा.

मिसळ_डबल_तर्री:
ताई, कथेतलं बोलत होतो. इथं कुणाच्या घरातलं काही माहीत नव्हतं. आता काय, विनोद करायच्या आधी प्रत्येकाची पणजी विचारायची का?

मुंढव्याची_माई:
विचारायची. निदान १८९७ लिहिताना.

खड्डे_माझे_सोबती:
मिसळ, माफी माग आणि मोकळा हो. उगाच ताणू नकोस.

मिसळ_डबल_तर्री:
बरं. ताई, चुकलं. पण शेवट म्हणून तो चांगला आहे हे मी अजूनही म्हणतो.

पेठेबाहेरचा:
मी सकाळपासून गप्प आहे कारण पणतीताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. आता दोन गोष्टी.

एक, सायकलराव, तुमचं थोडं मान्य करावं लागतंय आणि ते मला आवडत नाहीये. १९९६चा 'इंडिपेन्डन्स डे' मी इंजिनिअरिंगला असताना तीनदा पाहिला. नायकाचा बाप म्हणतो, "गार फरशीवर बसू नकोस, सर्दी होईल," त्यावरून त्याला कॉम्प्युटर व्हायरस सुचतो. वेल्सचे जंतू कॉम्प्युटरमध्ये नेले म्हणून तेव्हा मी शिट्ट्या मारल्या होत्या. आज वाटतं, फरक पडतो. पुस्तकात माणूस जिंकत नाही, तो नुसता वाचतो आणि कशामुळे वाचला हे त्याला नंतर कळतं. सिनेमात तो हुशार ठरतो. नवा काळ आणताना प्रत्येक जण ही हुशारी आत घुसवतो.

दोन, तरीही तुम्ही चूक आहात. पणतीताईंची गोष्ट भिडली ती त्यात घोडागाडी होती म्हणून नाही. बळद आणि बे एके बे यांनी भिडली. म्हणजे काळ महत्त्वाचा नाही, घर महत्त्वाचं आहे. आजच्या फ्लॅटमध्येही असं घर दाखवता येईल.

सायकल_सदाशिव:
आजच्या फ्लॅटमध्ये बळद कुठून आणणार?

पेठेबाहेरचा:
लॉफ्ट.

कार्बन_कॉपी:
लॉफ्टमध्ये गणपतीचं मखर आणि जुन्या सूटकेसा. माणूस मावत नाही.

सायकल_सदाशिव:
ठीक आहे. बीबीसीवाल्या मालिकेत तुम्ही झोपलात, मी तिसऱ्या भागापर्यंत जागा होतो, तेही हट्टानं. नुसती टोपी घालून भागत नाही, लिहून घ्या. पण १८९७च्या पुण्यात शिपाई आणि मंगळवाले एकाच दारातून आत येतील, तो प्रसंग तुमच्या फ्लॅटमध्ये होणार नाही. दार उघडायच्या आधी पणजीला कळणारच नाही की बाहेर दोघांपैकी कोण आहे. मला तेवढंच बघायचंय.

कसब्यातली_पणती:
तिला काही फरक पडला नसता. तिनं पाढेच म्हटले असते.

अंतराळ_आजोबा:
हा प्रसंग कुणीतरी लिहा रे. मराठीत लिहा.

गिरगाव_ते_चर्नीरोड:
लिहा. मी पहिलं तिकीट काढेन. पण पहिल्या दृश्यात मांडवी दाखवा. सप्टेंबर १८९६.