१६ एमएमवर घरीच ऑप्टिकल साउंड: गुं, टक आणि हरवलेला 'स'

देवगडकर_१६
रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाची दीड मिनिटाची फिल्म काढली, धुतलीही घरीच. आवाजाची लाट ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) प्रिंटरवर पारदर्शक शीटवर छापली, साठेक पट्ट्या जोडल्या, एकाच बाजूला भोकं असलेल्या कच्च्या फिल्मच्या कडेवर ठेवून प्रकाश दिला. आजोबांच्या प्रोजेक्टरवर आवाज चक्क आला! पण मामा 'हैस्सा' ओरडतात त्याचं 'हैभ्भा' झालंय, तेही त्यांचं तोंड मिटल्यावर. दीड सेकंदाला एक टक. सगळे गप्प असले की मोहरी तडतडते. खाली गुं चालूच. काय चुकलं?

जुनो_ऑपरेटर
झिला, आधी गुं खयसून येता ता बघ. फिल्म न लावता एक्सायटर दिवा (आवाजाच्या पट्टीवर प्रकाश टाकतो तो) आणि फोटोसेल (त्या प्रकाशाची वीज करतो तो) यांच्यामध्ये पुठ्ठा धर. गुं थांबली तर दिव्याला डीसी मिळत नाही. ५० सायकलच्या एसीवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, फोटोसेल तेच ऐकतो. नाही थांबली तर अँप्लिफायर उघड.

तोंडाचं म्हणशील तर गेटमध्ये, म्हणजे चित्राच्या खिडकीत, फिल्म थांबत थांबत सरकते, आवाज वाचणाऱ्या साउंड हेडवर मात्र एकसारखी धावायला हवी. म्हणून दोन्ही जागा वेगळ्या, आणि १६ एमएमला आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापतात. तू शेजारी-शेजारी छापलास. पट्टी फिल्मच्या सुरुवातीकडे वीस सेंटीमीटर सरकव.

(टुरिंग टॉकीजला असताना जनरेटर ढेपाळला की नायिका पुरुषी आवाजात गायची. लोक त्यालाच जास्त टाळ्या द्यायचे.)

खारे_वारे
'स' प्रिंटरने खाल्ला. २४ फ्रेमच्या वेगाने १६ एमएम सेकंदाला १८३ मिमी धावते. ६०० डीपीआय म्हणजे मिलिमीटरला जेमतेम २४ ठिपके, सेकंदाला साधारण ४,३००. एका लाटेला निदान दोन ठिपके लागतात, म्हणजे २,१५० हर्ट्झच्या वर काहीच नाही. 'स'चा बहुतेक जीव त्याच्या वरच असतो. १,२०० डीपीआयने दुप्पट मिळेल. ३५ एमएम सेकंदाला ४५६ मिमी धावते, तिथे ६०० वरही बरं भागलं असतं.

जुनो_ऑपरेटर
मोहरी रवली. शांत जागी तुझी अर्धी पट्टी पारदर्शक असणार, मग धूळ, ओरखडा, पावसाळ्यातली बुरशी, सगळंच वाजतं. आवाज नसेल तिथे दोन्हीकडून काळं आत आण, केसाएवढी फट ठेव. आणि प्रिंटवर जिथे जोड उमटलाय तिथे काळ्या शाईने शंकरपाळी काढ. प्रकाश एकदम न तुटता हळूहळू मिटतो, टक जाते. साठ शंकरपाळ्या काढूक हात स्थिर हवो, चाय नंतर.

देवगडकर_१६
गुं दिव्याचीच निघाली, डीसीवर टाकल्यावर गप्प. शंकरपाळ्या एकवीस झाल्या, मान धरलीय. १,२०० डीपीआयने पारदर्शक शीट छापून देणारं कणकवलीत कोणी आहे का?