मदत हवी आहे: फील्ड टेलिफोनची जोडी, बेल वाजते पण आवाज जात नाही (आणि हे 1986 मध्येही का बनवत होते?)

वालदेवीकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहतो. मागच्या महिन्यात देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडून लष्करी फील्ड टेलिफोनची जोडी घेतली, 1400 रुपयांत. हिरवा पत्र्याचा डबा, काळा रिसीव्हर, बाजूला फिरवायचा दांडा. मुलगा आठवीत आहे, त्याला विज्ञान प्रदर्शनात मांडायचेत.

अडचण पहिली: दोन खोल्यांत ठेवून साध्या दोन तारांनी जोडले. दांडा फिरवला की पलीकडे बेल खणखणीत वाजते. बोललं की काहीच नाही. एकदा खरखर ऐकू आली, तेवढीच. आत सेल टाकलेले नाहीत, कारण सेलचा कप्पा गंजलाय आणि बेल तर सेलशिवाय वाजतेच आहे.

अडचण दुसरी, जी मला जास्त छळतेय: एका डब्याच्या पट्टीवर साल आहे 1986. दुसऱ्या महायुद्धाच्या फोटोंत सैनिकांच्या मांडीवर दिसतो तो साधारण हाच घाट. चाळीस वर्षांनीही तेच का बनवत बसले? मुलाच्या बाई हे विचारणारच. "पैसे नव्हते" एवढंच उत्तर मला पटत नाही.

(ओझरच्या कारखान्यातल्या मिग विमानांचं उदाहरण कृपया नको. शेजारच्या काकांनी तीन वेळा दिलंय.)

तारयंत्र:
सेल टाका हो आधी! दांडा म्हणजे छोटा जनित्र आहे, बेलपुरती वीज तो स्वतः बनवतो. बोलायला मात्र सेल लागतात, बहुतेक संचांत दीड व्होल्टचे दोन. कप्प्यातला गंज व्हिनेगरच्या बोळ्याने काढा, मग बारीक पॉलिश पेपर मारा.

तरी आवाज दबका आला तर रिसीव्हर तळहातावर हलके आपटा. माउथपीसमध्ये कोळशाचे बारीक कण असतात. आवाजाने पडदा हलला की ते दाबले जातात, विजेला होणारा अडथळा बदलतो, आणि तोच बदल तारेतून पलीकडे जातो. वर्षानुवर्षं पडून राहिले की कण चिकटून बसतात.

आणि मुलाला सांगून ठेवा, कोणी दांडा फिरवत असताना तारांच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही. 60 ते 100 व्होल्ट निघतात. जीव जात नाही, पण प्रदर्शनात कोणीतरी किंचाळेल.

तोपची_निवृत्त:
तारयंत्र यांनी बरोबर सांगितलं. एक राहिलं, रिसीव्हरच्या दांडीवर दाबायचं बटण असतं, आम्ही त्याला प्रेसल म्हणायचो. ते दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. नवीन पोरं हमखास विसरायची आणि मग संच खराब म्हणून तक्रार.

मी तोफखान्यात लाइनवर होतो, 2004 ला निवृत्त. आता का बनवत होते ते. रेडिओवर बोललात की शत्रू तुमचं बोलणं ऐको न ऐको, बोलताय कुठून ते तो शोधू शकतो. तोफेची जागा कळली की थोड्याच वेळात तिथे गोळे पडतात. तारेवर बोललं तर हवेत काही जात नाही. म्हणून तोफा जिथे काही दिवस मुक्काम करणार तिथे आधी लाइन पडायची. रेडिओ असायचाच, पण शक्यतो गप्प.

दुसरं, सेल. पहाडात चार्जिंग कुठे करणार? या संचाला दोन सेल कितीतरी आठवडे पुरायचे, आणि सेल संपले तरी बेल वाजायचीच. म्हणजे पलीकडच्याला निदान कळायचं की इकडे माणूस जिवंत आहे.

तोटा सांगायलाच हवा. तार तुटते. गोळ्याने, गाडीच्या चाकाने, राजस्थानात तर उंटाने. मग रात्री दोघांनी निघायचं, तार हातातून सोडत सोडत चालत राहायचं, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत. टॉर्च लावायची नाही. हे काम ज्याने केलंय त्याला फील्ड टेलिफोनचं फार कौतुक नसतं.

वालदेवीकाठ:
काका, मनापासून धन्यवाद. पण मग 1986 नंतर तरी? आता सगळं डिजिटल आहे ना?

तोपची_निवृत्त:
युक्रेनच्या बातम्या वाचा. 2022 नंतर तिथे खंदकांमधून सोव्हिएत काळातले टीए-57 टेलिफोन पुन्हा बाहेर आले. 57 म्हणजे 1957 चं डिझाइन. जॅमिंग इतकं की रेडिओ निकामी, तारेला त्याचं काही नाही.

शंकासुर:
सगळं मान्य, पण जुनं ते सोनं करू नका. लष्करात वस्तू टिकते त्याचं एक कंटाळवाणं कारण म्हणजे ती एकटी नसते. टेलिफोन बदलला तर स्विचबोर्ड बदला, सुटे भाग बदला, शिकवणारे उस्ताद बदला, गोदामातला साठा मोडीत काढा. जुना संच मात्र कुठल्याही जुन्या संचाला दोन तारांनी जोडला की चालतो. .303 रायफलही अशीच टिकली: सैन्याने सोडली, पोलिसांकडे राहिली, आणि 2008 मध्ये सीएसटीवर अतिरेक्यांच्या एके-47 समोर पोलिसांच्या हातात तीच होती. ते टिकणं कौतुकाचं नव्हतं.

आणि खरेदीला लागणारा वेळ? बोफोर्सचा करार 1986 चा, तुमच्या डब्याच्याच सालचा. त्यानंतर एम-777 आणि के-9 वज्र या तोफा समारंभाने दाखल झाल्या त्या नोव्हेंबर 2018 मध्ये, इथेच देवळालीत. मधली तीस-बत्तीस वर्षं "जुनी तोफ उत्तम आहे" म्हणून गेली नाहीत.

उलट बाजूही सांगतो. खरंच चांगलं डिझाइन कसं टिकतं ते पाहायचं तर जेरीकॅन पाहा. 1937 च्या सुमाराचं जर्मन डिझाइन, 20 लिटर. वर तीन मुठी, त्यामुळे एक माणूस प्रत्येक हातात दोन रिकामे कॅन धरतो, आणि भरलेला कॅन दोघांत सहज उचलता येतो. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे की त्यांनी शत्रूचा कॅन उचलून नक्कल केली. त्यांचे डबेही त्या वेळी चालू उत्पादनातच होते, आज कोणाला आठवतात का?

तोपची_निवृत्त:
शंकासुर, तोफेचं बोललात म्हणून. 25 पौंडी तोफ, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश, 1965 आणि 1971 दोन्ही युद्धांत होती. प्रजासत्ताक दिनाची 21 तोफांची सलामी 2022 पर्यंत तीच द्यायची, 2023 पासून आपली 105 मिमी आली. सलामीला काय, धूर आणि आवाज पुरतो. लढाईला नाही.

वालदेवीकाठ:
अपडेट. व्हिनेगर लावलं, नवे सेल टाकले, रिसीव्हर आपटला, प्रेसल दाबला. पलीकडून आईचा आवाज आला: "चहा टाकू का?" स्वयंपाकघर ते गच्ची, तीन मजले. दांडा आता सगळ्यांनाच फिरवायचाय.

तक्त्यावर मुलगा तारेचा मुद्दा, सेलचा मुद्दा आणि .303 तिन्ही लिहिणार आहे. उंटही काढलाय, काका, तुमच्यासाठी.

दुसऱ्या संचातल्या कप्प्याची स्प्रिंग पार गेली आहे. सध्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी दुमडून बसवलीय. एम. जी. रोडला विचारलं तर दुकानदार हसला. नाशिकमध्ये कोणी बनवून देईल का?

तारयंत्र:
जुन्या मोठ्या टॉर्चच्या झाकणातली स्प्रिंग काढून बघा. बहुतेक बसेल.