ब्रूकच्या महाभारतातला धृतराष्ट्र कोण? आणि आणखी कोणते पोलिश नट पाहावेत?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी गटाची एकांकिका बसतेय, युद्ध संपल्याच्या रात्रीवर. मी धृतराष्ट्र करतोय. वय ५३, दिवसभर विम्याची कारकुनी, संध्याकाळी साडेसात ते दहा सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. पहिले पंधरा दिवस मी मन लावून आंधळेपणाच करत होतो. पापण्या अर्धवट, मान तिरकी, हात चाचपडता. परवा दिग्दर्शिका, माझ्या मुलीच्या वयाची आहे ती, शांतपणे म्हणाली, "काका, आंधळा दिसतोय. शंभर पोरांचा बाप दिसत नाहीये." त्या रात्री झोप लागली नाही.

तिनेच इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या महाभारत नाटकाचं १९८९ चं चित्रण पाहायला सांगितलं. पाहिलं. त्यातला धृतराष्ट्र काही ऐकत असला की त्याचं सगळं अंग ऐकतं, खांद्यापासून बोटांपर्यंत. दुर्योधनाकडे वळतो तेव्हा तर मी टीव्ही बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नाव बघितलं तर रिशार्ड चेश्लाक, पोलंडचा. आणि युधिष्ठिर झालेला आंद्जेय सेवेरिन, तोही पोलंडचाच! आपल्या हस्तिनापुरात बाप आणि धर्मराज दोघेही तिकडचे कसे आले?

पोलंड म्हटलं की मला दिग्दर्शक वायदाच्या पुढे काही सुचत नाही. कोणी नीट सांगेल का, हे दोघे कोण, आणि आणखी कोणाला पाहू? प्रयोगाला अजून पाच आठवडे आहेत.

मुळाकाठची

तिसरी घंटा, तुमचा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं व्रोत्सवाफला होतो. (आडवी रेघ मारलेला एल म्हणजे 'व', आणि शेवटच्या डब्ल्यूचा 'फ'. हे शिकेपर्यंत मी बसवाल्यांना गावाचं नावही धड सांगू शकत नव्हते.) चेश्लाक घडला तो याच गावात.

जन्म १९३७, कालिश नावाच्या गावी. क्राकुफच्या नाट्यशाळेत तो शिकला ते बाहुलीनाट्य. मग दिग्दर्शक येझी ग्रोतोव्स्कीच्या छोट्याशा नाटकमंडळीत आला. ही मंडळी आधी ओपोले गावात होती, १९६५ मध्ये व्रोत्सवाफला आली. त्यांची जागा अजून आहे, बाजारचौकात नगरभवनाला लागून. सुदर्शन रंगमंच डोळ्यांपुढे आणा आणि त्यातूनही कमी करा. ना पडदा, ना विंग. मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी नव्हतं, आणि तरी आवाज खाली आपोआप गेला माझा.

त्या १९६५ सालीच त्यांनी एका अढळ राजपुत्राचं नाटक केलं. मूळ स्पॅनिश काल्देरोनचं, पोलिशमध्ये कवी स्वोवात्स्कीने आणलेलं. शत्रूच्या कैदेतला राजपुत्र, छळ होतो, झुकत नाही, मरतो. प्रेक्षक जेमतेम तीस-चाळीस, तेही उंच लाकडी कुंपणामागे बसून खाली वाकून बघणारे, शस्त्रक्रिया बघायला विद्यार्थी बसतात तसे. खाली चेश्लाक, कमरेला फक्त पांढरं वस्त्र. एका प्रयोगाचं मूक चित्रण आणि दुसऱ्याच प्रयोगाचं ध्वनिमुद्रण पुढे एकत्र जोडलं, तर ओठ आणि शब्द जुळले. म्हणजे अंगात आल्यासारखा दिसणारा तो माणूस तसूभरही इकडेतिकडे होत नव्हता.

आता तुमच्या कामाची गोष्ट. बघणाऱ्याला वाटे, काय भयंकर यातना भोगतोय हा. चेश्लाक गेल्यावर ग्रोतोव्स्कीने सांगितलं की त्या लांबलचक स्वगतांच्या तयारीत वेदनेचा विषयच नव्हता. आधार होता चेश्लाकच्या किशोरवयातल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणीचा. त्या क्षणांतल्या बारीक बारीक हालचाली, अंगाची ती उजळलेली अवस्था, यावर दोघांनीच महिनोन्‌महिने काम केलं. छळ दिसला तो गोष्टीमुळे आणि भोवतीच्या नटांमुळे. आत आनंद होता. हे वाचलं त्या दिवसापासून मी नाटक बघते ते वेगळ्या नजरेने.

धृतराष्ट्र त्याच्याकडे उशिरा आला. ब्रूकचं महाभारत १९८५ मध्ये आविन्यों इथे एका दगडाच्या खाणीत पहिल्यांदा झालं, नऊ तासांचं, फ्रेंचमध्ये. चित्रण इंग्रजीत. म्हणजे आपले हे दोघे पोलिश नट आपली गोष्ट दोनदा परक्या भाषेत बोलले! चेश्लाक १९९० मध्ये गेला, फुप्फुसाच्या कर्करोगाने, वयाच्या ५३ व्या वर्षी. तुमचं वय वाचलं तेव्हा हेच मनात आलं होतं.

सेवेरिनला तरुणपणी पाहायचं असेल तर वायदाचा १९७५ चा वूच शहरातल्या कापडगिरण्यांवरचा चित्रपट बघा. गिरणी काढायला निघालेले तीन दोस्त: दानियेल ओल्ब्रिखस्की, वोय्चेख प्शोन्याक आणि सेवेरिन. गिरणगाव माहीत असलेल्या मराठी माणसाला तो चित्रपट परका वाटणारच नाही. पुढे सेवेरिन पॅरिसला राहिला आणि १९९३ मध्ये थेट कॉमेदी फ्रांसेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत गेला, नाटककार मोलिएरच्या घरात.

प्रभातरोडकर

मी ७१ वर्षांचा आहे, त्यामुळे माझं उत्तर एकाच नावाचं: झ्बिग्न्येव त्सिबुल्स्की.

१९७४-७५ असेल. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये माझा एक मित्र शिकत होता, त्याच्या मागोमाग मी तिथल्या थिएटरात शिरायचो. एका पावसाळी संध्याकाळी वायदाचा १९५८ चा 'राख आणि हिरा' लागला. युद्ध संपल्याचा दिवस, एक तरुण आणि त्याला दिलेलं खुनाचं काम. त्सिबुल्स्कीने म्हणे पोशाख घालायला नकारच दिला. स्वतःचं जाकीट, स्वतःची पँट आणि तो काळा चष्मा. चष्मा का, तर वॉर्सॉच्या उठावात गटारांमधून फार चाललो, असं तो त्या मुलीला सांगतो. आणि दारूच्या दुकानातला तो प्रसंग! मेलेल्या एकेका साथीदाराच्या नावाने पेल्यातली दारू पेटवत जातो. शेवटी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींमधून पळतो आणि कचऱ्याच्या ढिगावर मरतो. बाहेर पडलो तेव्हा पाऊस होता, सायकल हातात धरून लॉ कॉलेज रस्त्याने चालत घरी गेलो. बसायची इच्छाच झाली नाही.

माझ्या पिढीला नट म्हणजे आवाज, शब्दफेक, सरळ कणा असं शिकवलेलं. हा माणूस खांदे पाडून उभा राहायचा आणि मध्येच हसायचा, आणि पडद्यावर दुसरं कोणी दिसायचं नाही.

८ जानेवारी १९६७ ला चालत्या गाडीत चढताना पाय निसटला आणि गेला. ३९ वर्षांचा होता. स्टेशन व्रोत्सवाफच. मुळाकाठची, तुम्ही ते पाहिलंय का?

मुळाकाठची

हो काका. तीन नंबरच्या फलाटावर खाली जमिनीत पाटी आहे, १९९७ मध्ये वायदानेच तिचं अनावरण केलं. मी एकदा ८ जानेवारीला मुद्दाम गेले होते. कोणीतरी आधीच मेणबत्ती लावून गेलं होतं. लोक बॅगा ओढत बाजूने जात होते. वायदाने त्याच्या जाण्यावर एक चित्रपटही केला, त्यात नट सेटवर येतच नाही आणि सगळे त्याला शोधत राहतात. त्सिबुल्स्की त्यात एकदाही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पोलिश नटांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे रंगमंचावर न जाणं हीसुद्धा नटाची कामगिरी मानतात. जर्मनांच्या ताब्यात वॉर्सॉ होतं तेव्हा त्यांच्या परवान्याच्या थिएटरांत काम करू नका, असा भूमिगत नाट्यसंघाचा निरोप होता. मोठमोठ्या नट्यांनी कॅफेत कॉफी वाढली. इगो सिम हा मूकपटांतला देखणा नायक मात्र जर्मनांच्या बाजूला गेला, त्याला ७ मार्च १९४१ ला त्याच्या घराच्या दारातच भूमिगतांनी गोळी घातली. सूड म्हणून जर्मनांनी ओलीस धरलेल्यांपैकी २१ जणांना मारलं आणि स्तेफान याराचसारख्या थोर नटाला आउशवित्झला पाठवलं. तो सुटून आला, पण १९४५ मध्ये क्षयाने गेला.

डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, तेव्हा पुन्हा तेच. नटांनी सरकारी टीव्ही आणि रेडिओवर जाणं सोडलं, चर्चमध्ये आणि लोकांच्या घरांत कविता वाचल्या. आमच्या घरमालकीण आजी त्या काळात नाटकं बघायच्या. त्या सांगत, जे टीव्हीवर गेले ते रंगमंचावर आले की प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागत. थांबतच नसत. नटाला पहिलं वाक्य बोलताच येत नसे, तो उभा राहून राहून आत निघून जाई. आजींनी मला जेवणाच्या टेबलावर तशा टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या, संथ, एका लयीत. अंगावर काटा आला.

प्रभातरोडकर

ताई, माहिती मोलाची आहे, पण नटाची पारख एवढ्यावरच करू नये असं मला मनापासून वाटतं. तादेउश वोमनित्स्की हा नट कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीत होता, नाट्यशाळेचा रेक्टर होता. तरी त्या काळातला सर्वांत मोठा रंगनट तोच, हे त्याचे विरोधकही मानत.

मुळाकाठची

मान्य, काका. आणि लष्करी कायदा आल्यावर वोमनित्स्कीने पक्षाचं सदस्यत्व परत केलं, हेही त्यात धरूया. पण त्याचं मरण मला जास्त आठवतं. २२ फेब्रुवारी १९९२, पोझनानमध्ये 'किंग लिअर'ची तालीम चालू होती. लिअर करायचं त्याचं कित्येक वर्षांचं स्वप्न. वेड्या झालेल्या राजाने पळत निघून जायचं अशी जागा आहे, तिथे तो पळाला आणि कोसळला. प्रयोग झालाच नाही. आपल्याकडे लिअर म्हटलं की नटसम्राटच मनात येतो, म्हणून मी ही गोष्ट ज्या ज्या पुणेकराला सांगितली तो गप्प झाला.

पंचगंगा

मी मूळ कोल्हापूरची, आता वारज्यात. आमच्याकडे पोलंड हे नाव लांबचं नाही. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आजी त्यांच्या पावाच्या वासाबद्दल बोलायची.

यादीत एक नाव घाला: हांका ऑर्डोनुव्ना. युद्धाआधी वॉर्सॉच्या कॅबरेची राणी, गाणारी आणि चित्रपटांत काम करणारी. 'प्रेम तुला सगळं माफ करील' हे तिचं १९३३ च्या चित्रपटातलं गाणं पोलिश लोक अजून म्हणतात. युद्धात ती सोव्हिएत रशियात हद्दपार झाली, आणि तिथून १९४२ मध्ये अनाथ पोलिश मुलांबरोबर मुंबईला आली. ती वळिवड्याला नव्हती, पण त्या मुलांवर पुस्तक लिहिलं तिने, टोपणनावाने. क्षय झालेला होता. १९५० मध्ये बैरूतला वारली.

आणि वर प्शोन्याकचं नाव आलंय म्हणून. १९९० च्या चित्रपटात तो डॉक्टर यानुश कोर्चाक झालाय. कोर्चाकच्या वॉर्सॉ घेटोतल्या (जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या) अनाथाश्रमात मुलांनी १८ जुलै १९४२ ला रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं होतं. तीन आठवड्यांच्या आत मुलांना आणि कोर्चाकला त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. मी प्रायोगिक शाळेत शिकवते, 'डाकघर' दरवर्षी बसवायचं म्हणते आणि दरवर्षी अमल खिडकीत बसला की मला पुढे वाचवत नाही.

मुळाकाठची

पंचगंगा, बसवा. आम्ही बघायला येऊ.

जुन्यांपैकी हेलेना मोद्झेयेफ्स्का राहून गेली. क्राकुफची, १८४० ची. वॉर्सॉत शिखरावर असताना १८७६ मध्ये कॅलिफोर्नियाला गेली, शेती करायला! शेती बुडाली, मग काही महिन्यांत इंग्रजी शिकून १८७७ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या रंगमंचावर उभी राहिली आणि पुढे अमेरिकाभर शेक्सपिअर केला. १८९३ मध्ये शिकागोला महिलांच्या परिषदेत पोलंडच्या फाळणीवर बोलली, तर झारने तिला आपल्या मुलखात यायला बंदी केली. गेली १९०९ मध्ये, पण पुरली क्राकुफलाच. तिचं काम बघायला अर्थातच मिळणार नाही.

बघता येण्यासारख्यांत क्रिस्तिना यांदा. १९८२ मधला तुरुंगातल्या चौकशीवरचा तिचा चित्रपट सरकारने दाबून ठेवला, १९८९ मध्ये सुटला आणि १९९० मध्ये कान चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. आणि दानुता शाफ्लार्स्का, २००७ चा चित्रपट. ९० च्या पुढची बाई, जुनं लाकडी घर आणि एक कुत्री, बस. ती १०२ वर्षं जगली.

तिसरी घंटा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. त्सिबुल्स्की काल रात्री पाहिला. काका, पेल्यांचा प्रसंग दोनदा.

पण मुळाकाठची, तुमचं ते पहिल्या प्रेमाचं वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये. मी मेलेल्या शंभर पोरांचं दुःख आणायच्या मागे होतो. काल बसमध्ये, स्वारगेटला, एकदम आठवलं. माझा मुलगा झाला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि दवाखान्यातले दिवे गेले होते. नर्सने अंधारातच त्याला माझ्या हातात दिलं. चेहरा दिसत नव्हता. वजन कळत होतं, ऊब कळत होती, आणि एक मूठ माझ्या बोटाला धरून होती. मी त्या पाच-दहा मिनिटांत जितका सुखात होतो तितका नंतर कधी नव्हतो.

धृतराष्ट्राने दुर्योधनाला असंच घेतलं असणार ना? शंभर वेळा, अंधारात.

आज साडेसातला तालीम आहे. दिग्दर्शिकेला अजून काही सांगितलेलं नाही. चादरीची गुंडाळी करून पिशवीत घेतली आहे, साधारण तीन किलोची.