परकी मदतीवर सैन्य तग कसे धरते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): युक्रेनला २०२२ पासून मिळणाऱ्या मदतीचे आकडे डॉलरमध्येच छापून येतात, त्यातून आघाडीवर नेमके काय पोहोचते?

उत्तर (उद्यमनगर): इतर गोष्टींबरोबर तोफगोळे. जुन्या सोव्हिएत जड तोफांच्या नळीचा आतला व्यास साधारण १५२ मिलिमीटर, पाश्चात्त्य तोफांचा १५५; एकीचे गोळे दुसरीत चालत नाहीत. त्यामुळे तोफ स्वीकारली की गोळे आणि सुटे भागही त्याच गोटातून घ्यावे लागतात. शिवाय सततच्या माऱ्याने नळी आतून झिजते, नेम ढळतो आणि ती बदलावीच लागते, हे लेथवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही सहज पटेल.

उत्तर (शाहूपुरी): वाहनेही मोजावीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ४ लाखांहून अधिक जीप व ट्रक दिले होते.

प्रश्नकर्ता: आणि मदत थांबली तर?

उत्तर (उद्यमनगर): मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ती काही दिवस रोखली होती. साठा असेतो तोफा चालतात, मात्र गोळे मोजून वापरावे लागतात.