कोरड्या हवेत ओबोची रीड मिटते, तेव्हा ती खरवडावी का?

प्रश्न

मी वर्षभरापासून ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या रीड (तोंडात धरायच्या, धाग्याने बांधलेल्या दोन पात्यांच्या जोड्या) स्वतः तयार करतो आहे. दमट दिवसांत बांधलेल्या आणि तेव्हा उत्तम वाजणाऱ्या सहा रीड थंडी पडून खोलीत हीटर सुरू होताच बिघडल्या. त्यांचे तोंड मिटल्यासारखे झाले, खालचे सूर उशिरा उमटू लागले आणि फुंकताना कडेने फसफस ऐकू येते. दोन रीड मी आणखी खरवडून पाहिल्या, तर त्या पार निर्जीव झाल्या. उरलेल्या चारांचे काय करावे?

प्रतिसाद १

त्या चारांवर चाकू चालवू नका, कारण अडचण जाडीची नसून ओलाव्याची आहे. रीड ज्यापासून होते ते अरुंडो डोनॅक्स हे बोरूसारखे गवत लाकडाप्रमाणेच ओलाव्याने रुंदीत फुगते आणि सुकल्यावर रुंदीतच आकसते. लांबीत जवळपास फरक पडत नाही. दोन्ही पात्यांच्या कडा एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतील तरच रीड हवाबंद राहते, आणि आकसलेल्या पात्यांत नेमकी तिथेच फट पडते.

खात्री करायची असेल, तर रीड साध्या पाण्यात तीन-चार मिनिटे भिजवा, बुचाकडचे (वाद्यात बसणाऱ्या बाजूचे) भोक बोटाने बंद करा आणि टोकाकडून हलकेच फुंका. धाग्याच्या जरा वर, कडेला बारीक बुडबुडे दिसले, की दोष सापडला. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पातळ पांढरी टेफ्लॉन टेप तेवढ्या भागावर एक-दोन वेढे ताणून गुंडाळली, की काम भागते. तोंड मिटले असेल, तर ओल्या रीडच्या दोन्ही कडा धाग्याजवळ बोटांच्या चिमटीत हळूच दाबून धराव्यात. कोरडी रीड मात्र कधीही दाबू नये, ती सरळ चिरते.

पुढच्या खेपेस कोरड्या दिवसांसाठी या गवताचा किंचित कमी व्यासाचा दांडा निवडून पाहा (ओबोसाठी तो साधारण 10 ते 11 मिलिमीटर असतो), कारण त्याची गोलाई अधिक असल्याने तोंड अधिक उघडे राहते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त सुराविषयी एक भर घालतो, कारण बहुतेक रीड त्याच पायी वाया जातात. हवेचे तापमान एक अंशाने उतरले, की तिच्यातून आवाज सेकंदाला सुमारे 0.6 मीटर हळू जातो आणि सूर साधारण तीन सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो. वाद्यातली हवा पाच अंशांनी थंड असेल, तर 440 हर्ट्झचा सूर 436 च्या आसपास येतो. अशा वेळी घाईने रीडचे टोक अर्धा मिलिमीटर कापले, की वाद्य गरम झाल्यावर सूर चढतो, आणि कापलेले टोक काही परत येत नाही. म्हणून आधी वाद्य पुरेसे ऊबदार होऊ द्यावे. तेही काखेत किंवा हातात धरून. थंडगार लाकडात एकदम गरम श्वास फुंकला, तर वरचा सांधा तडकू शकतो.

प्रश्नकर्ता

चारांपैकी तिघींच्या कडेला बुडबुडे दिसले. टेप लावल्यावर दोन रीड पूर्ववत वाजू लागल्या असून तिसरी अजून थोडी जड वाटते. चौथी मी घाईत नीट भिजवण्यापूर्वीच दाबली, आणि ती चिरली.

प्रतिसाद १

जड वाटणारी तिसरी रीड तशीच डबीत ठेवा आणि हवा दमट झाल्यावर पुन्हा वाजवून पाहा.